हात जाईल एवढी जागा

"मी पण असंच बसवतो, ताई. आम्ही येतो तेव्हा खाली सगळं मोकळं असतं."

आमच्या सिंकचा नळ घट्ट करून झाल्यावर, त्याच नळाखाली हात धूत प्लंबर हे वाक्य बोलला आणि पिशवी उचलून निघून गेला. त्यात तक्रार नव्हती, कुणावर ठपकाही नव्हता. हात पोचणार नाही अशा जागी नळ बसवतातच कसे, असं मी विचारलं म्हणून सांगितलं, एवढंच. पण त्या दिवसापासून ओट्यापाशी उभी राहिले की ते वाक्य आठवतं. भांडी विसळताना, तांदूळ धुताना, सकाळी पहिला चहा टाकण्यासाठी पातेल्यात पाणी घेताना.

नळ हलायला लागला होता त्याला बरेच दिवस झाले होते. आधी फक्त मला जाणवायचं. उंच, बगळ्याच्या मानेसारखा वाकलेला नळ. एका भांड्यावरून दुसऱ्यावर न्यायला मान वळवली की तिच्याबरोबर बूडही किंचित वळायचं आणि ग्रॅनाइटवर बारीक करकर ऐकू यायची. पुढे घरातले सगळेच एका हाताने बूड धरून दुसऱ्या हाताने नळ सुरू करायला लागले. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, सवयच लागली. मग खालच्या ट्रॉलीत ओल दिसू लागली. बुडाखालची रबराची चकती सैल झाली की ओट्यावरचं पाणी नळासाठी पाडलेल्या भोकातून खाली झिरपतं. ते कनेक्शन पाइपच्या अंगावरून उतरतं आणि सर्वांत खालच्या प्लायवर ठिपकत राहतं. प्लायची कड फुगली होती. दार उघडलं की ओल्या लाकडाचा, फिनेलचा आणि जुन्या डाळीच्या पाण्याचा मिळून एक वास यायचा. रोज पुसून घ्यायचे, रोज यायचा.

असा नळ सैल का होतो, ते मला त्या दिवशी ओट्याखाली आडवं झाल्यावर कळलं. एवढी उंच मान, एवढं वजन, आणि सगळा भार एका आटे पाडलेल्या सळईवर. सळई नळाच्या बुडातून भोकात खाली उतरते. तिच्यावर घोड्याच्या नालेच्या आकाराची एक पत्र्याची पट्टी सरकवतात, पट्टी ग्रॅनाइटच्या पोटाला टेकते आणि खालून एक लांबट पितळी चाकी तिला आवळून धरते. वर आपण दिवसातून शंभरदा मान इकडून तिकडे फिरवतो. लांब दांडा फिरवला की मुळाशी जोर कितीतरी पट होतो, आणि तो जोर चाकीला केसभर केसभर सोडवत राहतो. आमची चाकी सळईच्या टोकापर्यंत उतरली होती आणि पट्टी तिरकी होऊन एका बाजूला लोंबत होती. त्यात कुणाची हयगय नव्हती. नळ रोज वापरला होता, म्हणून सैल झाला होता.

प्लंबरने ट्रॉल्या रुळांवरून उचलून बाहेर ठेवल्या. आत डोकं घातलं, मोबाइलच्या उजेडात बराच वेळ बघितलं. सिंकचं भांडं खोल, त्याच्या मागे भिंत, आणि भिंत नि भांडं यांच्या फटीत तो नळ. ट्रॉलीच्या सांगाड्याची मागची फळी त्या फटीवरच आलेली, शिवाय सांडपाण्याचा पाइप आडवा. नळाकडे जाणारं पाणी बंद करायची तोटी, म्हणजे अँगल कॉक, फळीच्याही मागे. त्यासाठी सुताराने एक चौकोन कापून ठेवला होता खरा, पण त्यातून जेमतेम मनगट जातं, वळत नाही. कॉक कडक पाण्याच्या क्षाराने जाम झालेला. शेवटी गच्चीवर जाऊन आमच्या रांगेतल्या सगळ्या स्वयंपाकघरांचं पाणी बंद करावं लागलं. वरच्या काकूंना, खालच्या आजींना फोन केले, त्यांनी कुकर चढवण्यापुरतं पाणी काढून ठेवलं. टाकीपासून दर १० मीटर खाली आलं की पाण्याचा दाब साधारण एक किलोने, म्हणजे चौरस सेंटिमीटरमागे एक किलोने वाढतो. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, वर पाच मजले. तो दाब अंगावर घेऊन पाइपला हात लावायला तो तयार नव्हता, आणि ते बरोबरच होतं.

त्याने आत हात घातला. बोटांची पेरं गेली, तळवा अडला. कूस बदलून डावा हात घालून पाहिला. मग उताणं होऊन. बाहेर आला तेव्हा त्याच्या मनगटावर फळीची लाल रेघ उमटली होती.

"ताई, माझा हात आत जात नाही. तुमचा जाईल."

मी बांगड्या काढून ओट्यावर ठेवल्या आणि खाली सतरंजी अंथरली. तो वरून नळ सरळ धरून उभा राहिला. खाली अंधार, कानाशी त्याची पावलं, आणि माझा हात फटीत कोपरापर्यंत. ग्रॅनाइट इतकी वर्षं रोज पुसत आले, पण त्याची खालची बाजू पहिल्यांदाच हाताला लागली: खडबडीत, न घासलेली, करवतीचे ओरखडे तसेच असलेली. कनेक्शन पाइपच्या स्टीलच्या जाळीची एक तार सुटलेली होती, ती बोटाला टोचली. पट्टी सापडली, ती फिरवून भोकाच्या दोन्ही कडांवर बसवली. मग चाकी. ती हातातून सुटून खाली पडायची, मी पुन्हा घेऊन चाचपडत सळईचं टोक शोधायची. डोळे तिथे काही उपयोगाचे नव्हतेच, म्हणून मी ते मिटून घेतले. आई सूपभर तांदळातला खडा न बघता बोटांनी ओळखायची, तसं ते सळईचं टोक हळूहळू बोटांना ओळखू यायला लागलं.

चाकी लावली, पण तिरकी बसली. फिरेना. आणि तेव्हा मला वडिलांचा, अण्णांचा आवाज आठवला: "आधी उलटं फिरव."

साताऱ्याला आमच्या वाड्याच्या चौकात एक सामायिक नळ होता. कासचं पाणी. डोंगरावरच्या तलावातून उताराने गावात उतरणारं, पहिल्या पावसात तांबूस आणि हिवाळ्यात दातांना कळ आणणारं. पाणी सकाळी यायचं, आणि यायच्या आधी पाइपातून हवा फुसफुसायची. तो आवाज ऐकून बायका घागरी, बादल्या घेऊन चौकात जमायच्या. पितळेची जाड तोटी सगळ्यांचे हात लागून सोन्यासारखी दिसायची. ती गळायला लागली की वाड्यातलं कुणी प्लंबर बोलवत नसे. पानं-पक्कड घेऊन अण्णा बसायचे. तोटी उघडायची, आतला झिजलेला वायसर काढायचा, जुन्या चपलेच्या चामड्यातून नवा कापायचा आणि गोडेतेलात भिजवून बसवायचा. सांध्यावर सूत गुंडाळून सफेदा लावायचा. जवसाच्या तेलाचा तो वास मला अजूनही आवडतो. रंगाच्या दुकानासमोरून जाताना आला की मी दोन पावलं रेंगाळते. आणि आटे चढवायची वेळ आली की अण्णा आम्हा बहिणींपैकी जी जवळ असेल तिला बोलवायचे. "जोर लावायचा नाही. आधी उलटं फिरव. आट्याचं तोंड आट्यात पडलं की टक्‌ असं कळेल. मग सुलटं."

ओट्याखाली मी चाकी उलटी फिरवली. अर्धा फेरा, जरा पुढे, आणि बोटांना ते जाणवलं. आवाज झाला असेल-नसेल, पण बोटांना कळलं. मग सुलटं. चाकी लोण्यासारखी चढत गेली. वरून प्लंबर म्हणाला, "बसली." त्यालाही नळावरच्या हातातून कळलं होतं. पुढचे शेवटचे फेरे त्याने नळीसारख्या लांब बॉक्स पान्याने दिले. चाकी एकदा जागेवर चढली की पाना फटीतून वर जाऊ शकत होता. अडलं होतं ते फक्त सुरुवातीच्या त्या दोन फेऱ्यांपाशी. तिथे कुठलंच हत्यार चालत नाही, बोटंच लागतात.

नंतर त्याने कनेक्शन पाइपांची टोकं तपासली. तेव्हा मी टेफ्लॉनची पट्टी पुढे केली, तर म्हणाला इथे नको. पाइपच्या टोकाच्या नटात रबरी वायसर असतो, पाणी तोच अडवतो. आटे फक्त त्याला दाबून धरतात. टेफ्लॉन लागतं ते जिथे आट्यांनीच पाणी अडवायचं असतं तिथे, भिंतीतल्या एल्बोत, म्हणजे पाइपच्या वळणात, निपल हा जोडतुकडा बसवताना. आणि रबरी वायसर असलेल्या नटाला हाताने घट्ट करून वर पान्याने थोडंसंच द्यायचं. जास्त आवळला तर वायसर चिरडतो आणि मग गळतो. हे सगळं तो पाइप पुसता पुसता सांगत होता, आणि मला चौकात उकिडवे बसलेले अण्णा दिसत होते. दोघांच्या भाषेत, वयात, गावांत कसलंही साम्य नाही. जोर कुठे थांबवायचा हे मात्र दोघांनाही सारखंच माहीत.

तो ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्यातला. तिथले प्लंबर भारतभर पसरले आहेत. मुंबई, दिल्ली, बंगळूर, पुणे, जिथे इमारत उभी राहते तिथे हे लोक असतात. पट्टामुंडईला तर या कामाचं शिक्षण देणारी सरकारी संस्थाही आहे. हा मात्र काकाच्या हाताखाली शिकला. आधी नुसते पाइप उचलायचे, मग आटे पाडायचे, मग सांधे जोडायचे. मराठी इथेच, साइटवर शिकला.

घरी आल्या-गेल्याला आपण पाणी देतो, पण ते घरात आणणाऱ्याचं गाव विचारायचं राहून जातं. मला ते विचारायला ओट्याखाली आडवं व्हावं लागलं.

त्या दोन फेऱ्यांनी मला आट्यांबद्दल वाचायला लावलं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये प्रत्येक कारखाना आपापल्या मापाचे आटे पाडायचा. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसायचा नाही. जोसेफ व्हिटवर्थ या यंत्रकाराने १८४१ मध्ये सगळ्यांसाठी एकच पद्धत सुचवली: आट्याचा कोन ५५ अंश आणि प्रत्येक जाडीला इंचामागे ठरावीक आटे. पुढे पाण्याच्या पाइपांचे आटेही त्याच कोनाने पाडले जाऊ लागले, आणि ते माप आपल्याकडे आजही चालू आहे. अर्ध्या इंची पाइपला इंचामागे १४ आटे. साताऱ्याच्या चौकातल्या तोटीला तेवढेच होते, माझ्या सिंकखालच्या अँगल कॉकला तेवढेच आहेत. म्हणजे अण्णांची ती पितळी तोटी आज कुठे सापडली, तर माझ्या पुण्यातल्या घराच्या भिंतीत ती सरळ चढेल. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. ज्याला आपण कधी भेटणार नाही, अशा माणसाचं काम आपल्या कामाला जुळावं, म्हणून कुणीतरी आधी बसून माप ठरवलं होतं. पुढच्या माणसाचा एवढा विचार.

आटे जुळतात. हात मात्र पोचत नाही.

प्लंबरचं ते वाक्य म्हणूनच डोक्यातून जात नाही. स्वयंपाकघर कसं घडतं ते आठवून पाहिलं. आधी कडप्पा आणि ग्रॅनाइटवाला येतो, ओटा बसवतो, सिंकचं आणि नळाचं भोक पाडतो. मग प्लंबर येतो. तेव्हा ओट्याखाली नुसती मोकळी जागा असते, माणूस मांडी घालून बसू शकेल एवढी. तो नळ चढवतो, चाकी आवळतो, पाणी सोडून बघतो. काम चोख. मग ट्रॉलीवाला येतो. त्याला इंच न्‌ इंच वापरायचा असतो, कारण आम्हीच त्याला तसं सांगितलेलं असतं. तो फळ्या बसवतो, दारं लावतो. त्याचंही काम चोख. प्रत्येक जण दुसऱ्याच्या आधी किंवा नंतर येतो, एकत्र कुणीच नसतं. आणि वर्षांनंतर जो दुरुस्तीला येणार असतो तो तर त्या रांगेत कुठेच नसतो. त्याच्या हाताचं माप कुणी घेतलेलं नसतं.

वाड्यातले पाइप भिंतीवरून उघडे जायचे, खुंट्यांवर, क्लॅम्पमध्ये. पावसाळ्यात त्यांना घाम सुटायचा, रंगाचे पोपडे निघायचे, कोळी जाळी करायचे. नव्या घराची पहिली इच्छा कुठली असेल तर ती हे सगळं दिसू नये अशी. आईला आमचा फ्लॅट पहिल्यांदा दाखवला तेव्हा ती भिंतीवरून हात फिरवत म्हणाली, "किती स्वच्छ, कुठे पाइप म्हणून नाही." तिचा चेहरा आठवला की मला त्या गुळगुळीत भिंतीविरुद्ध बोलवत नाही. आयुष्यभर ओल्या, शेवाळलेल्या कोपऱ्यांशी झगडलेल्या बाईला ती भिंत म्हणजे मोठा विसावा होता. माझंही त्या भिंतीवर प्रेम आहे. पण लपवणं आणि बंद करून टाकणं यांत फरक आहे, आणि तो फरक एका उघडणाऱ्या फळीएवढा आहे.

हे आपल्या लोकांना माहीत नव्हतं असंही नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या दशकात, कात्रजच्या तलावातून पुण्यातल्या हौदांत पाणी आणलं गेलं. जमिनीखालून बांधीव बोगदा, माणूस उभा राहून आत चालू शकेल एवढा. आणि त्या वाटेवर अंतराअंतरावर दगडी उच्छ्वास, म्हणजे वर उघडणारे मनोरे, उभे केले. हवा खेळती राहावी म्हणून, आणि आत उतरून सफाई-दुरुस्ती करता यावी म्हणूनही. पाणी पूर्ण झाकलेलं, तरी माणसाला वाट ठेवलेली. हे बांधणाऱ्यांनी आपल्या हयातीपुरता विचार केला नव्हता. पुढे कुणालातरी इथे उतरावं लागणार, गाळ काढावा लागणार, हे त्यांनी दगडात लिहून ठेवलं. शहरातल्या हौदांजवळून जाताना आता मला पाण्याइतकीच त्या उतरणाऱ्या माणसाची आठवण येते.

आमच्या घरात मी सध्या एवढं केलं. मागची फळी सुताराला बोलावून कापून घेतली आणि चार स्क्रूंवर परत लावली. स्क्रू काढले की फळी हातात येते आणि दोन्ही हात खांद्यापर्यंत आत जातात. अँगल कॉक बदलले. पहिल्या तारखेला, दुधाचा हिशेब करते त्याच दिवशी, ते एकदा पूर्ण बंद करून उघडते, म्हणजे क्षार धरत नाही. ट्रॉलीत एक भांडं कमी मावतं. सासूबाईंनी त्याबद्दल एकदा विचारलं. मी फळी काढून आत टॉर्च धरली, चाकी दाखवली, पट्टी दाखवली. त्या वाकून बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं यावरच नळ उभा होता होय!" आणि त्यांनीच मोठा डबा तिथून काढून माळ्यावर टाकायला लावला.

धाकट्या बहिणीचं घर आता होतंय. ओटा बसलाय, ट्रॉल्यांचं माप पुढच्या आठवड्यात. मी तिला सगळं फोनवर सांगितलं: सिंकमागची फळी स्क्रूवर घे, अँगल कॉक सिंकच्या मागे नको, बाजूच्या ट्रॉलीत घे, दार उघडल्याबरोबर हाताला लागेल असा. सिंकचं भांडं भिंतीपासून थोडं पुढे घे, मध्ये तळवा वळला पाहिजे. प्लंबर आणि ट्रॉलीवाला एकाच दिवशी बोलव, दोघांना एकमेकांसमोर उभं कर. तिने सगळं लिहून घेतलं. फळीचं पटलं. भांडं पुढे घ्यायचंही पटलं. अँगल कॉकवर मात्र अडलंय, कारण बाजूच्या ट्रॉलीत तिला गॅस सिलिंडर हवाय आणि ट्रॉलीवाला म्हणतो दोन्ही मावणार नाही. मी म्हटलं, तो म्हणतो ते मला बघू दे. टाइल्स लावायला बुधवारी माणसं येतायत. त्याआधी भिंतीतला पाइप हलवता येईल, नंतर फोडाफोडी. मंगळवारी संध्याकाळी मी मेजरिंग टेप घेऊन तिकडे जातेय. आमच्या प्लंबरलाही यायला सांगितलंय, आणि या वेळी त्याच्या हाताचं माप आधी घ्यायचं आहे.